हजार प्रोसेस, एक फाइल: वेग लॉकमुळे जातो की लॉकच्या फेऱ्यांमुळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२ नोडचा (एकमेकांना जोडलेल्या ३२ कंप्युटरचा) क्लस्टर, प्रत्येक नोडवर ३२ प्रोसेस, म्हणजे एकूण १,०२४. सिम्युलेशनच्या दर टप्प्याला प्रत्येक प्रोसेस ५०,००० बाइटचा एक रेकॉर्ड एकाच सामायिक फाइलमध्ये लिहिते, प्रोसेसच्या क्रमांकाप्रमाणे एकापुढे एक. फाइल लस्टरवर आहे (फाइल अनेक सर्व्हरवर विभागून ठेवणारी फाइल सिस्टिम), ८ ओएसटींवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या ८ जागांवर पसरलेली. स्ट्राइप, म्हणजे एका ओएसटीवर सलग जाणारा तुकडा, १ मेबिबाइटची (१०,४८,५७६ बाइट). लिहिणं एमपीआय-आयओच्या (एमपीआय ही अनेक प्रोसेसना एकत्र काम करू देणारी लायब्ररी, हा तिचा फाइलचा भाग) साध्या राइट-अ‍ॅटने, म्हणजे ज्याने त्याने आपलं आपण. वेग मिळतो सेकंदाला साडेतीनशे मेगाबाइटच्या आसपास. तोच डेटा प्रत्येक प्रोसेसने स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिला तर ६ गिगाबाइट. अ‍ॅडमिन म्हणाले, लॉकिंगमुळे होतंय. म्हणून लोकलफ्लॉक हा लॉकसंबंधीचा पर्याय लावून फाइल सिस्टिम माउंट करून पाहिली, तर काडीचाही फरक पडला नाही. आता तुम्ही विचारताय की लॉकिंग पूर्ण बंद कसं करायचं, आणि ते जमत नसेल तर लॉकच नसलेल्या फाइल सिस्टिमवर जावं का.

अ‍ॅडमिनचं निदान बरोबर आहे, औषध मात्र चुकलं. आणि तुमचा खरा प्रश्न 'लॉक बंद कसे करू' हा नसून 'एकाच लॉकसाठी इतके जण का भांडतात' हा आहे. तो सुटला की लॉक चालू असूनही तुम्हाला जाणवणार नाहीत.

आधी लोकलफ्लॉकचं पाहू. लस्टरमध्ये लॉक या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, प्रोग्रॅमने स्वतःहून मागितलेले लॉक, म्हणजे एफलॉक किंवा एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलने घेतलेले. ते सल्लावजा असतात. ज्याला पाळायचे तो पाळतो. दुसरे, फाइल सिस्टिम स्वतःच्या कामासाठी आतल्या आत घेते ते. प्रत्येक ओएसटीवरचा लॉक सर्व्हर फाइलच्या तिथल्या तुकड्यासाठी, म्हणजे ऑब्जेक्टसाठी, 'या बाइटपासून त्या बाइटपर्यंत' असे एक्स्टेंट लॉक देतो. तुमचा प्रोग्रॅम एफलॉकला हातही लावत नसला तरी हे दुसरे लॉक घेतले जातातच. लोकलफ्लॉकचा संबंध फक्त पहिल्या प्रकाराशी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शिवाय ते तसंच ठेवू नका. लोकलफ्लॉक लावलं की प्रोग्रॅमने घेतलेला लॉक फक्त त्या नोडपुरता खरा राहतो. शेजारच्या नोडला त्याचा पत्ताच नसतो. आज तुमचे रेकॉर्ड सलग आहेत म्हणून निभावतंय. उद्या कोणी फाइल व्ह्यू (फाइलमधले कोणते तुकडे आपले हे एमपीआयला सांगणारा नकाशा) लावून तुकड्या-तुकड्यांचा डेटा स्वतंत्रपणे लिहायला घेतला, तर रोमिओ (बहुतेक एमपीआयमधला आयओचा भाग) डेटा सीव्हिंग करू शकतो. म्हणजे मधल्या मोकळ्या जागांसकट मोठा पट्टा वाचायचा, आपले तुकडे त्यात बसवायचे आणि अख्खा पट्टा परत लिहायचा. त्या अवधीत मधल्या जागेत दुसऱ्या कोणी लिहू नये यासाठी तो एफसीएनटीएलचा लॉक घेतो. तो लॉक नोडपुरताच असेल तर दोन नोड एकमेकांचा डेटा पुसतील, आणि एकही एरर येणार नाही. एचडीएफ५ (वैज्ञानिक डेटाच्या फाइलींची लायब्ररी) सुद्धा १.१० पासून फाइल उघडताना लॉक घेतं. त्यालाही हेच लागू. वेग तर वाढला नाही, वर धोका पदरात पडला. अ‍ॅडमिनना सांगून ते पूर्ववत करून घ्या.

आता दुसऱ्या प्रकारचे लॉक मुळात का आहेत? कारण क्लायंटकडे, म्हणजे कंप्युट नोडवर, कॅशे आहे. राइट कॉल परत आला म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं नव्हे. तो नोडच्या मेमरीत असतो. पण पॉझिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाचा) नियम असा की राइट परत आल्यानंतर दुसऱ्या कुठल्याही नोडवरून कोणी ते बाइट वाचले, तर नवीनच दिसले पाहिजेत. दोन्ही एकाच वेळी खरं ठेवायचं तर कोणत्या नोडकडे कोणत्या पट्ट्याचा न उतरवलेला डेटा आहे याचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा. एक्स्टेंट लॉक म्हणजे हा हिशेब. त्याचा अर्थ 'दुसऱ्याने येऊ नये' यापेक्षा 'या पट्ट्याचा डेटा मी माझ्याकडे साठवू शकतो' असा घ्या. तो काढून टाकायचा तर कॅशेही काढून टाकावी लागते. मग प्रत्येक ५०,००० बाइटसाठी नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायचं.

तुमच्याच आकड्यांवर हे जवळून पाहू. पहिली प्रोसेस अ नोडवर आहे आणि दुसरी ब नोडवर, असं धरा. फाइलचा पहिला मेबिबाइट एकाच ओएसटीवर आहे.

अ ला ० ते ४९,९९९ बाइट लिहायचे आहेत. लॉक पानाच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) हद्दीवर कापले जातात आणि पान ४,०९६ बाइटचं, म्हणून मागणी जाते ० ते ५३,२४७ ची. सर्व्हर पाहतो की या ऑब्जेक्टवर दुसरं कोणीच नाही. मग तो उदार होतो आणि ० पासून फाइलच्या अंतापर्यंतचा अख्खा लॉक देऊन टाकतो. हेतू चांगला आहे: एकटाच लिहिणारा असेल तर त्याला पुन्हा पुन्हा मागायला यावं लागू नये. बहुतेक फाइलींना एकच लिहिणारा असतो, त्यामुळे हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो.

आता ब येतो. त्याचे बाइट ५०,००० ते ९९,९९९, पानाच्या हद्दीवर नेल्यावर ४९,१५२ ते १,०२,३९९. अ कडे तर सगळीच फाइल आहे. सर्व्हर अ ला निरोप धाडतो की लॉक सोड. अ त्या लॉकखालचा न उतरवलेला सगळा डेटा सर्व्हरवर पाठवतो, तो पोचल्याची वाट पाहतो, आणि लॉक रद्द करतो. अर्धा नाही, पूर्ण. लस्टर एक्स्टेंट लॉकचा तुकडा पाडून 'एवढा तू ठेव' असं करत नाही. मग ब ला लॉक मिळतो. तोवर अ पुढच्या टप्प्याचा रेकॉर्ड घेऊन दारात उभा असतो आणि तो पट्टा ब च्या वाढवून दिलेल्या लॉकखाली आलेला असतो. पुन्हा निरोप, पुन्हा उतरवणं, पुन्हा रद्द. यात क आणि ड पासून पुढचे सगळे मिळवा.

सर्व्हर हे आंधळेपणाने करत नाही, हेही सांगायला हवं. लॉक वाढवून देताना तो रांगेत थांबलेल्यांच्या मागण्या पाहतो, आणि गर्दी फार झाली की किती वाढवायचं यावर मर्यादा घालतो. पण इथे तुमच्या रेकॉर्डचा आकार आडवा येतो. ५०,००० ला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. ४९,१५२ ते ५३,२४७ हे एक पान घ्या: त्यातले पहिले ८४८ बाइट अ चे, उरलेले ३,२४८ ब चे. तुमच्या लेखी दोघांचा डेटा कुठेही एकमेकांवर येत नाही. लॉक सर्व्हरच्या लेखी तो येतो, एका पानाने. त्यामुळे लॉक अगदी अंगाबरोबर कापून दिले तरी शेजारी-शेजारी टक्कर ठरलेली. वर, ब ला त्या पानाचा काही भागच लिहायचा असल्याने त्याला ते पान आधी सर्व्हरवरून वाचून घ्यावं लागतं, नाहीतर अ चे ८४८ बाइट जातील. लिहायच्या कामात वाचन घुसतं ते असं.

याचा वेगावर काय परिणाम होतो ते कागदावरही निघतं. समजा मागणी, निरोप, उतरवणं, रद्द, मंजुरी ही पूर्ण फेरी १ मिलिसेकंदाची आहे. हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय. तुमच्याकडे नेटवर्क आणि सर्व्हरवरचा ताण पाहून तो कमी-जास्त असेल. एका फेरीत ५०,००० बाइट पुढे सरकतात, म्हणजे एका ऑब्जेक्टवर सेकंदाला ५० मेगाबाइट. ८ ऑब्जेक्टवर ४००. तुम्हाला मिळणारे साडेतीनशे यापासून फार लांब नाहीत. आणि या हिशेबात डिस्कचा वेग कुठेच आला नाही. म्हणूनच डिस्क वेगवान घेऊन असं दुखणं बरं होत नाही.

हा प्रकार काही तुमच्यावरच ओढवलेला नाही. स्टोरेजची क्रमवारी लावणाऱ्या आयओ५०० चाचणीत आयओआर या वेग मोजणाऱ्या टूलचा एक 'अवघड' भाग मुद्दाम ठेवलेला आहे. त्यात सगळ्या प्रोसेस एका सामायिक फाइलमध्ये ४७,००८ बाइटचे तुकडे आलटून-पालटून लिहितात. तो आकडा पानाच्याही हद्दीवर बसत नाही आणि स्ट्राइपच्याही. चांगल्या चांगल्या सिस्टिमचे 'सोपा' आणि 'अवघड' असे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिलेत तर तुमचा अनुभव ओळखीचा वाटेल.

उपायांकडे वळण्यापूर्वी दोन शंका, कारण उत्तर त्यांवर अवलंबून आहे.

पहिली शंका त्या ६ गिगाबाइटबद्दल. ते खरे आहेत का? वेगळ्या फाइली असताना दर टप्प्याला एका नोडवर ३२ × ५०,००० म्हणजे १६ लाख बाइट तयार होतात. एवढा डेटा नोडच्या कॅशेत सहज मावतो, आणि राइट कॉल लगेच परत येतो. तुम्ही घड्याळ तिथेच थांबवलं असेल तर तुम्ही मेमरीचा वेग मोजलाय. वेळ मोजताना एफसिंक (डेटा सर्व्हरवर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) आणि फाइल बंद करणं दोन्ही आत धरा. आयओआर वापरत असाल तर एफसिंकचा पर्याय चालू करा. दुसरी बाब, सामायिक फाइल ८ ओएसटींवर आहे, पण १,०२४ वेगळ्या फाइली सिस्टिममधल्या सगळ्या ओएसटींवर विखुरल्या जातात. एकूण ओएसटी किती आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या ४० असतील तर तुम्ही ८ ची तुलना ४० शी करताय. दोन्ही बाजू सारख्या केल्यावर दरी उरेलच, पण सतरापट नसेल असा माझा अंदाज आहे.

दुसरी शंका प्रोसेस नोडवर कशा वाटल्या आहेत याची. एक्स्टेंट लॉक नोडच्या नावावर असतो, प्रोसेसच्या नाही. एकाच नोडवरच्या ३२ प्रोसेस एकमेकींशी या लॉकवरून भांडत नाहीत. क्रमांक ० ते ३१ पहिल्या नोडवर, ३२ ते ६३ दुसऱ्यावर, अशी गटाने वाटणी असेल तर एका नोडचा पट्टा सलग १६ लाख बाइटचा होतो आणि टक्कर फक्त पट्ट्यांच्या कडांना होते. पण जॉब शेड्यूलरने एकेक क्रमांक एकेका नोडला असा फिरत वाटला असेल, तर शेजारचा प्रत्येक रेकॉर्ड परक्या नोडचा. वर मी अ आणि ब वेगळ्या नोडवर धरले ते हे वाईटातलं वाईट चित्र. जॉब स्क्रिप्टमधली एक ओळ पाहून हे कळेल. फिरती वाटणी निघाली तर आधी ती बदला आणि पुन्हा मोजा. फुकटात होण्यासारखं एवढंच आहे.

आता मुख्य उपाय. स्वतंत्र राइट-अ‍ॅट सोडा आणि कलेक्टिव्ह राइट वापरा, म्हणजे तोच कॉल, शेवटी 'ऑल' लावलेला. त्यात सगळ्या प्रोसेस एकत्र येऊन लिहितात, आणि रोमिओ दोन टप्प्यांत काम करतो. आधी डेटा नेटवर्कवरून काही मोजक्या प्रोसेसकडे गोळा होतो, त्यांना अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. मग फक्त अ‍ॅग्रिगेटर फाइलला हात लावतात. लस्टरसाठीचा रोमिओचा भाग फाइलची वाटणी स्ट्राइपच्या हद्दीवर करतो आणि एका ओएसटीचं काम एकाच अ‍ॅग्रिगेटरकडे ठेवायचा प्रयत्न करतो. ८ ओएसटी, ८ अ‍ॅग्रिगेटर, ते आठही वेगळ्या नोडवर. आता वरची गोष्ट पुन्हा आठवा. पहिल्या मागणीला सर्व्हर उदारपणे अख्ख्या ऑब्जेक्टचा लॉक देतो, आणि तो परत मागायला दुसरं कोणी येतच नाही. जी उदारता तुम्हाला छळत होती तीच आता कामाला येते. सेटिंग तेच, लॉकही तेच. एका ऑब्जेक्टला एकच धनी मिळाला एवढाच फरक.

इथे एक खोच आहे, आणि 'कलेक्टिव्ह करूनही काही झालं नाही' असं सांगत येणारे बरेच जण तिथेच अडकलेले असतात. गोळा करण्याचा खटाटोप करावा की नाही हे रोमिओ स्वतः ठरवतो. त्यासाठी तो पाहतो की प्रोसेसचे पट्टे एकमेकांत गुंतलेले आहेत का. तुमच्या एका कॉलमध्ये प्रत्येक प्रोसेसचा एकच सलग तुकडा आहे आणि तुकडे क्रमाने एकापुढे एक आहेत. गुंता शून्य. मग तो म्हणतो की गोळा करायची गरज नाही, आणि गुपचूप स्वतंत्र राइटच करतो. तुम्ही कॉल बदलला, पण खाली तेच चाललंय. म्हणून फाइल उघडताना द्यायच्या इन्फो ऑब्जेक्टमध्ये लिहिण्यासाठीचं कलेक्टिव्ह बफरिंग स्पष्टपणे 'एनेबल' करा. 'ऑटोमॅटिक'वर सोडू नका. रोमिओत ती हिंट (सूचना) 'रोमिओ सीबी राइट' या नावाची आहे, आणि अ‍ॅग्रिगेटरची संख्या 'सीबी नोड्स'मध्ये द्यायची. ओपन एमपीआयमध्ये ओएमपीआयओ नावाचा दुसरा भागही असतो. तो चालू असेल तर या हिंट त्याला लागू होतीलच असं नाही, तेव्हा कोणता चालू आहे ते आधी तपासा.

अ‍ॅग्रिगेटर ओएसटींपेक्षा जास्त ठेवायचा मोह होतो. ८ ओएसटींवर ३२ ठेवलेत तर एका ऑब्जेक्टवर ४ नोड येतात आणि तीच मारामारी मोठ्या तुकड्यांनी सुरू होते. एका ओएसटीला एक नोड पुरत नसेल, म्हणजे सर्व्हरला आणखी झेपतंय असं दिसत असेल, तर अ‍ॅग्रिगेटर वाढवण्यासोबत स्ट्राइपची संख्याही वाढवा. लस्टर २.१३ पासून एकाच ओएसटीवर एका फाइलचे एकाहून जास्त ऑब्जेक्ट ठेवता येतात, त्याला ओव्हरस्ट्रायपिंग म्हणतात. ८ ओएसटींवर १६ ऑब्जेक्ट आणि १६ अ‍ॅग्रिगेटर, तरी प्रत्येक ऑब्जेक्टला धनी एकच. आणि स्ट्राइपचं सगळं फाइल तयार होण्याआधी ठरवायचं असतं. जुन्या फाइलवर हिंट देऊन ती बदलत नाही. नवीन नावाने फाइल तयार करा, किंवा रिकाम्या डिरेक्टरीवर लस्टरची सेटस्ट्राइप आज्ञा लावून तिच्यात तयार करा.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण उरते: डेटा थोडा आहे. एका टप्प्याला सगळे मिळून ५१.२ मेगाबाइट, म्हणजे एका अ‍ॅग्रिगेटरच्या वाट्याला जेमतेम साडेसहा. गोळा करण्याचा खर्च दर वेळी होणार, आणि फळ एवढंच. १० टप्पे मेमरीत साठवून एकदम लिहिलंत तर प्रत्येक अ‍ॅग्रिगेटरला ६४ मेगाबाइट मिळतात, आणि प्रत्येक प्रोसेसची मेमरी अडते ५ लाख बाइट, जी आजकाल कोणी विचारातही घेत नाही. अर्थात जॉब मध्येच मेला तर १० टप्पे गेले. हा डेटा नंतर आलेख काढण्यासाठी असेल तर मी बिनदिक्कत साठवेन. तिथूनच पुन्हा सुरू करायचं असेल, म्हणजे चेकपॉइंट असेल, तर नाही.

'रेकॉर्डचा आकार पानाच्या पटीत करू का' असंही पुढे विचाराल. ५०,००० चे ५३,२४८ केलेत तर रेकॉर्ड १३ पानांत नेमका बसतो, जागा साडेसहा टक्के वाया जाते, आणि ते सामायिक पान व त्यापायी होणारं वाचन बंद होतं. पण लॉक वाढवून देणं आणि परत मागणं चालूच राहतं, कारण एका मेबिबाइटमध्ये अजूनही वीसेक प्रोसेसचे रेकॉर्ड आहेत. नुसत्या या बदलावर फार आशा ठेवू नका. हद्द जुळवायची तर स्ट्राइपशी जुळवा, आणि नोडवार. ज्यांना स्वतंत्र राइटच ठेवायचे आहेत त्यांनी फाइलची मांडणीच बदलून प्रत्येक नोडचा पट्टा स्ट्राइपच्या पटीत सलग ठेवावा. एचडीएफ५ मधून लिहीत असाल तर तिथे अलाइनमेंटची सोय आहे, ती स्ट्राइपच्या आकाराएवढी ठेवा; मात्र छोट्या डेटासेटना ती लागू पडू नये म्हणून किमान आकाराची मर्यादाही द्या, नाहीतर फाइल पोकळ फुगेल.

मग वेगळ्या फाइलीच का नकोत? १,०२४ प्रोसेसना त्या चालतात, मी कोणाला अडवत नाही. खर्च दुसरीकडे जातो. एकाच डिरेक्टरीत हजारो फाइली एकाच क्षणी तयार करायच्या म्हणजे भांडण ओएसटीवरून मेटाडेटा सर्व्हरवर (फाइलींची नावं आणि माहिती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) गेलं. आता त्या डिरेक्टरीच्या लॉकसाठी रांग. लाखभर प्रोसेस झाल्या की हे जाणवतं. उपडिरेक्टऱ्या करून किंवा डिरेक्टरी अनेक मेटाडेटा सर्व्हरवर पसरवून ते आवरता येतं. त्याहून मोठा त्रास नंतरचा: १,०२४ प्रोसेसनी लिहिलेलं ७६८ वर वाचायचं म्हटलं की प्रत्येक जण एकाहून जास्त फाइली चाळणार. मला स्वतःला मधला मार्ग आवडतो, नोडमागे एक फाइल किंवा काही नोडच्या गटामागे एक. एचडीएफ५ १.१४ मधलं सबफायलिंग हेच करतं, आणि एडीआयओएस२ (अशीच दुसरी लायब्ररी) सुद्धा अ‍ॅग्रिगेटरवार फाइली लिहून बाहेरून एकच असल्यासारखं दाखवतं. लॉस अलामोसमधून आलेल्या पीएलएफएसने २००९ मध्ये हाच विचार टोकाला नेला होता: प्रोग्रॅमला सामायिक फाइल दिसते, खाली मात्र प्रत्येक प्रोसेस आपापल्या लॉगमध्ये लिहिते. लिहिणं झपाट्याने होतं, पण कुठला बाइट कुठे आहे याची सूची सांभाळण्याचं काम वाचताना अंगावर येतं.

लस्टरमध्ये लॉकला बगल देण्याच्या अधिकृत वाटाही आहेत. ग्रुप लॉक घेतला की एकाच क्रमांकाच्या गटातले सगळे क्लायंट एकमेकांना न अडवता लिहितात, आणि बरोबर-चूक सगळं तुमच्या माथी. लॉक-अहेड २.११ मध्ये आलं. त्यात कोणत्या पट्ट्यांत लिहिणार हे आधीच सांगून तेवढेच, न वाढवलेले लॉक घेता येतात. ते एका ऑब्जेक्टवर अनेक अ‍ॅग्रिगेटर चालवणाऱ्या एमपीआय लायब्ररीच्या कामाचं आहे. तुमच्या सिम्युलेशनच्या कोडमध्ये या दोन्ही गोष्टी आणू नका. पुढे जो कोड सांभाळेल त्याला का, कधी आणि कोणत्या अटीवर हे कळायला वर्ष जाईल.

आता फाइल सिस्टिम बदलायचं. पीव्हीएफएस आणि तिचीच पुढची पिढी ऑरेंजएफएस यांत असे लॉक नाहीत, हे खरं. पण क्लायंटकडे डेटाची कॅशेही मुळातून नाही. एकमेकांवर न येणारे राइट बरोबर होतील एवढी हमी. एकमेकांवर आले तर ती जबाबदारी प्रोग्रॅमची. तुमचे रेकॉर्ड एकमेकांवर येत नाहीत, तेव्हा बरोबर-चुकीचा प्रश्न नाही. वेगाचा आहे. ५०,००० बाइटचा प्रत्येक राइट सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा. टक्कर गेली, पण छोटे राइट छोटेच राहिले, आणि ते मोठे करायला तिथेही तुम्ही कलेक्टिव्हच वापराल. मग ते आहे त्या लस्टरवरच का करू नये?

आयबीएमच्या जीपीएफएसवर (आताचं नाव स्टोरेज स्केल) असलात तर चित्र थोडं वेगळं. तिथे लॉकऐवजी टोकन. पहिल्याला तिथेही शून्यापासून अनंतापर्यंतचं टोकन मिळतं, पण दुसरा आला की पहिला पूर्ण टोकन सोडत नाही. नवा येणारा 'आत्ता लागणारा पट्टा' आणि 'पुढे लागेलसा पट्टा' असं दोन्ही सांगतो, आणि पहिला तेवढाच भाग देऊन उरलेला ठेवतो. प्रत्येक जण आपल्या मोठ्या सलग पट्ट्यात लिहीत असेल तर थोड्या देवाणघेवाणीत वाटणी बसून जाते आणि मग शांतता. तुमच्यासारखे छोटे, पसरलेले रेकॉर्ड मात्र तिथेही त्रास देतात, कारण टोकनची हद्द फाइल सिस्टिमच्या ब्लॉकवर जाते आणि ब्लॉक सहज काही मेगाबाइटचा असतो. ४ मेबिबाइटच्या ब्लॉकमध्ये तुमचे ८० हून जास्त रेकॉर्ड मावतील. म्हणजे तिथे पान विसरा, ब्लॉकशी जुळवा.

हे सगळं पटलं तरी विश्वास ठेवू नका, मोजा. एका नोडवर लस्टरची आरपीसीची (सर्व्हरकडे जाणाऱ्या एकेका मागणीची) आकडेवारी शून्यावर आणा, जॉब चालवा, आणि दर आरपीसीत किती पानं गेली ते पाहा. तुमचा रेकॉर्ड १३ पानांचा, तेव्हा बहुतेक आरपीसी १६ पानांच्या रकान्यात दिसतील. सुधारणा झाली की तेच २५६ आणि त्याहून वर सरकायला हवेत. ते सरकले नाहीत तर गोळा करणं चालू झालेलंच नाही, तो 'ऑटोमॅटिक'चा मुद्दा पुन्हा तपासा. प्रोग्रॅम नेमका कसा लिहितोय याचा दाखला दर्शन या टूलने काढा. सामायिक फाइल, राइटचे आकार आणि हद्द चुकलेल्या राइटची संख्या सगळं त्यात मिळतं, आणि कोडला हात लावावा लागत नाही. शेवटी आयओआर दोनदा चालवा, एकदा ५०,००० बाइटच्या तुकड्यांनी आणि एकदा १ मेबिबाइटच्या, बाकी सगळं तेच ठेवून. दुसऱ्यात वेग उसळला तर दुखणं आकार आणि हद्दीचंच आहे. नाही उसळला, तर मी वर सांगितलेलं बरंचसं बाजूला ठेवून नेटवर्क आणि सर्व्हरकडे पाहावं लागेल.

जाता जाता दोन सवयी तपासा, कारण त्या प्रोग्रॅमच्या बाहेर असतात आणि कोणाच्या डोक्यात येत नाहीत. सगळ्या प्रोसेस मिळून एकाच लॉग फाइलमध्ये अपेंड करत असतील तर ते थांबवा. अपेंडसाठी फाइलचा शेवट कुठे आहे हे पक्कं लागतं, म्हणून प्रत्येक ओळीमागे फाइलच्या सगळ्या ऑब्जेक्टवर अंतापर्यंतचा लॉक घ्यावा लागतो. वरची सगळी फेरी, एका ओळीसाठी. आणि लॉगिन नोडवर कोणी त्या सामायिक फाइलवर टेल (फाइलचा शेवट सतत दाखवणारी आज्ञा) लावून बसलंय का ते पाहा. नुसतं एलएस करून आकार विचारला तर सर्व्हर लिहिणाऱ्यांकडून तेवढी माहिती मागवतो, त्यांचा लॉक काढून घेत नाही. टेल मात्र शेवटचे बाइट वाचते, वाचायला लॉक लागतो, आणि तो देण्यासाठी जो अ‍ॅग्रिगेटर तिथे लिहितोय त्याला आपला डेटा उतरवून लॉक सोडावा लागतो. किती टप्पे झाले ते पाहायचं असेल तर क्रमांक शून्यच्या प्रोसेसला एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये तो आकडा लिहायला सांगा, आणि टेल तिच्यावर लावा.